खरादीवर बसवलेला देव

खळ्यावर ज्वारीची रास झाली की बलुतेदार पोती घेऊन भोवती उभे राहायचे. वर्षभर केलेल्या कामाचं धान्य त्या एका दिवशी मिळायचं. रीतीनं लोहाराची पाळी सुताराच्या मागोमाग. पण रीत सांगायला तोंड लागतं, आणि आबांना ते नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. ते सकाळपासून उन्हात उभे राहत. ज्याचा आवाज मोठा तो पुढं होऊन भरून घेई, आणि दिवस मावळायला मालक म्हणे, "लोहारा, खालचं भर."

खालचं म्हणजे मातेरं. माती, खडे, पाचोळा, आणि मधूनमधून ज्वारी. माय ते दोन दिवस पाखडत बसायची. पोतंभर मातेऱ्यातून निम्मं पोतं धान्य निघालं तर ती मालकाला दुवा द्यायची. मला तेव्हा मालकाचा राग यायचाच, पण आबांचा जास्त यायचा. ज्या माणसाच्या हातात दिवसभर घण असतो त्याला एक शब्द उचलता येऊ नये, हे मला कधी समजलं नाही.

आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजारापासून कोसभर आत. निजामी होती. अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या गाडीच्या चाकांवर लोखंडी धाव आबांनी फुकट चढवायची, आणि पाणी मात्र लांबून प्यायचं. हे सगळं मी वाचून सांगत नाही, भाता ओढता ओढता बघितलेलं आहे.

पुढं आमच्याकडं उसाचे लोखंडी चरक आले. लोक म्हणाले, आता लोहाराचे दिवस आले. झालं उलटंच. लोखंडी चरकात ऊस पिळणाऱ्या लाटेचा कणा झिजला तर तो घणानं नीट होत नाही. तो खरादीवर धरावा लागतो. खराद म्हणजे लेथ. निजामीत आम्ही सगळे खरादच म्हणायचो. लोखंड तिच्या चकात आवळून धरायचं, ते गरगर फिरतं, आणि बाजूनं हत्यार लावलं की त्याचं सालपट सुटत जातं. अशी खराद आमच्या भागात एकही नव्हती. शेतकरी गाडीत लाट घालून आबांच्या डोळ्यांसमोरून परळीला जायचे, तिथं रोख देऊन काम करून घ्यायचे, आणि परत आल्यावर त्याच गाडीचं ढिलं झालेलं चाक आबांकडून ठोकून घ्यायचे. ते बलुत्यात. म्हणजे खालचं भर.

त्यातच आबांचा उजवा खांदा गेला. घण डोक्याच्या वर जाईना. चुलत्याचा एक मुलगा घण मारायला येई, तोही मनात आलं तर.

याच काळात मी पदवीधर झालो. आमच्या घरात पहिला, भावकीत पहिला, आणि मी चौकशी केलेली आहे, आसपासच्या गावांतल्या सगळ्या लोहारांत पहिला. हे मी मान खाली घालून सांगणार नाही. हैदराबादेत दुसऱ्याच्या ओट्यावर झोपून आणि दुसऱ्याच्या दिव्याखाली वाचून मी ती पदवी घेतली. पदार्थविज्ञान शिकलो ते उर्दूतून. गती, भार, घर्षण यांना आजही माझ्या तोंडी आधी उर्दू शब्द येतात. नोकरीला मात्र पदवीबरोबर वशिला लागतो, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मी गावी येऊन बसलो. पारावरची माणसं विचारायची, "काय बे, भाता कंच्या हातानं वडायचा ते लिवलंय का तुझ्या कागदात?" मी उत्तर द्यायचो नाही. कोट घालून त्यांच्यासमोरून जायचो. ते माझं उत्तर.

त्या हिवाळ्यात बातमी आली की धर्मापुरीच्या वाटेवर कापसाचा एक जिन बंद पडतोय आणि मालकानं मशिनी विकायला काढल्यात. त्यात एक खराद होती. आबा दोन दिवस घरातल्या वस्तू उचलून बघत होते. तिसऱ्या दिवशी घरात विकण्यासारखं होतं ते विकायला सुरुवात केली. काय काय विकलं ते लिहीत नाही. मायला ते आवडलं नसतं. एवढं सांगतो की दुसऱ्यांदा विकायला घरात काही उरलं नाही. ही खराद बाद निघाली तर आबा पुन्हा पोतं घेऊन खळ्यावर, आणि आता खांदाही नाही.

"तू चल," आबा मला म्हणाले. "विंग्रजी वाचाय लागल. उर्दू बोलाय लागल."

मला बरं वाटलं. मी कोट झटकून घेतला.

बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. जिनाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सगळीकडं सरकीचा वास आणि पत्र्यावर, भिंतींवर, कोळिष्टकांवर कापसाची पांढरी लव. कारखान्याचा मुनीम बाहेर आला. जाडसर, पान खाल्लेला, डोक्याला काळी टोपी. त्यानं माझा कोट पाहिला, मग आबांचा पटका पाहिला, धोतराला पडलेली ठिणग्यांची भोकं पाहिली, आणि मला विचारलं, "हा तुमचा माणूस का साहेब?"

"वडील," मी म्हणालो.

म्हणालो खरं, पण हळू म्हणालो. इतकी वर्षं झाली, तो आवाज माझ्या कानातून जात नाही. खळ्यावर मुकाट उभं राहणाऱ्या आबांवर मी जन्मभर चिडलो, आणि माझ्यावर बोलायची वेळ आली तेव्हा एक शब्द मला मोकळ्या गळ्यानं म्हणता आला नाही.

"असं का, असं का. या, तशरीफ ठेवा," मुनीम म्हणाला. "ग्रॅज्युएट माणूस आमच्याकडं येतो कुठं?" माझ्या पदवीची गोष्ट त्याला आधीच पोचलेली होती. बातमी आणणाऱ्यानंच पोचवली असणार. खरादीच्या खोलीत त्यानं खुर्ची मागवली. एकच आली. ती त्यानं उपरण्यानं पुसली आणि माझ्याकडं सरकवली. चहा आला तोही एकच, कपबशीत.

मी बसलो. आबा भिंतीला टेकून उकिडवे बसले. मी चहा प्यालो.

खोलीच्या मधोमध खराद होती. एका टोकाला चक, तिथून लांब गेलेले दोन जाड लोखंडी रूळ, आणि त्या रुळांवर हत्यार धरून पुढं-मागं सरकणारा गाडा. हिरवा रंग नवा मारलेला. आणि रुळांच्या पार दुसऱ्या टोकाला, लाल फडक्यावर, देव. आकार नसलेला शेंदरी तांदळा, चांदीचे डोळे लावलेला. पुढं नारळ, झेंडूची फुलं, उदबत्तीचं घर. हातभर जागा देवानं व्यापली होती.

आबांनी आत येतानाच पायताण काढलं होतं. त्यांनी देवाला हात जोडले. मी नुसता बघत राहिलो. हैदराबादेहून आल्यापासून असल्या गोष्टींकडं बघून न बघितल्यासारखं करायची मला सवय लागली होती. माझ्या लेखी तो दगड होता, मशिनीशी त्याचा काय संबंध. माझी चूक तिथंच झाली. मी मशीन तपासत होतो आणि मशिनीचा हातभर तुकडा मी मशिनीत धरलाच नाही.

बाकी मी लई तपासलं. चकाच्या वर पितळी पट्टी होती. तिच्यावरचं विलायती गावाचं नाव मी मोठ्यानं वाचलं, मग आबांसाठी मराठीत सांगितलं. दातेरी चाकांचे दात मोजले. कोणतं चाक लावलं तर किती बारीक आटे पडतील याचं गणित तोंडी मांडलं आणि मुनीमला उर्दूत ऐकवलं. मुनीम मान डोलवत होता. "वाह. आमच्या मिस्त्रीला इतकी वर्षं झाली, त्याला हे ठाऊक नाही." मिस्त्री कोपऱ्यात उभा होता. म्हातारा मुसलमान, मेंदी लावलेली दाढी, बोटं तेलानं काळी. तो खाली बघत होता.

"करून दाखव," मुनीम त्याला म्हणाला.

मिस्त्रीनं पट्टा चढवला, इंजिन सुरू झालं, वीतभर लोखंडाचा तुकडा चकात धरला आणि सोलून काढला. चकचकीत. मी खिशातून मापाचा कंपास काढला. दोन्ही टोकं मोजली. केसाचाही फरक नाही. मी खुर्चीवर परत बसलो आणि आबांना म्हणालो, "आबा, मशीन चांगली हाय. घ्या."

मुनीमनं आबांकडं न बघता माझ्यापुढं पानाचा डबा धरला.

आबा उठले. म्हणाले, "जरा हात लावू का?"

"लावा की लोहारदादा. हात लावून काय कळणार, साहेबांनी सगळं बघितलंय."

आबा रुळांपाशी गुडघ्यावर बसले. डोळे मिटले. भट्टीसमोर जन्म गेलेला, त्यांना बारीक काही दिसायचं नाही. ते बोटांनी बघायचे. अंगठ्याचं नख रुळाच्या कडेला लावून ते चकाकडून सावकाश सरकत गेले. मग परत. मग पुन्हा. मला लाज वाटायला लागली. मुनीम माझ्याकडं बघून हसला, आणि सांगायला जीव जड होतो, मीही थोडा हसलो.

"हितं पायरी हाय," आबा म्हणाले.

"पायरी कसली?"

"नख अडकतंय. चकापासनं दोन हातापतोर अडकतंय. फुडं न्हाई अडकत."

मला एका क्षणात समजलं. रुळाची अगदी बाहेरची कड गाड्याखाली येत नाही. ती नव्यासारखी राहते. गाडा जिथं जास्त फिरतो तिथला रूळ खाली जातो, आणि कड पायरीसारखी वर राहते. काम सगळं चकाजवळ होतं, म्हणून झीजही चकाजवळ. घर्षणावरचा आख्खा धडा मी हैदराबादेत पाठ म्हणून दाखवला होता. त्यात नख नव्हतं.

आबा उठून उभे राहिले. "गाडा शेवटापतोर नेऊन दावा."

मुनीमचं पान तोंडात थांबलं. "तिथं देव आहे."

"दिसतोय की."

"मग कसं न्यायचं? कारखाना उभा राहिल्यापासून देव तिथंच आहे. रोज तेल, रोज फूल. हलवला की मशीन बसते म्हणतात. तुम्ही तर लोहार माणसं, तुम्हाला मी सांगायचं का?" मग माझ्याकडं वळून, "साहेब, हे तुमचे वडील असून असं बोलतात."

आबांनी देवाकडं बघितलं. मग विचारलं, "मशीन आमी नेली तर देव कुठं जाणार?"

"देव मशिनीचा. तो तुमच्याबरोबर येईल. देवासकट घ्या. वर पैसे नाहीत त्याचे."

"मंग आमचाच झाला की."

"म्हणजे?"

"आमचा देव आमी उठवतो. खंडेनवमीला ऐरणीवर देव कोण बसवतंय? लोहारच बसवतो. दुसरं कोण येत न्हाई तिथं. बसवतो आमी, उठवतो बी आमीच." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऊठ."

मी बघत राहिलो.

"ऊठ म्हणलं. देवाला जागा दे."

मी उठलो. आबांनी डोक्याचा पटका सोडला, त्याची घडी करून खुर्चीवर अंथरली. मग देवाला हात जोडले, तोंडातल्या तोंडात काही म्हणाले, आणि दुखऱ्या खांद्यानं तो दगड दोन्ही हातांनी उचलून माझ्या खुर्चीवर आणून ठेवला. नारळ ठेवला. फुलं ठेवली. उघड्या डोक्यानं परत रुळापाशी गेले, लाल फडकं उचललं, आणि खालच्या लोखंडावरून बोट फिरवलं. बोट मुनीमसमोर धरलं. त्याच्यावर स्वच्छ पिवळं ग्रीस होतं.

"रोज तेल म्हणलाव. खाली एक वघळ न्हाई. उदबत्तीची राख न्हाई. कारखाना झाल्यापासनं देव बसलाय आन् खालचं ग्रीस अजून वलं कावून हाय?"

आबा मिस्त्रीला म्हणाले, "चालवा."

मिस्त्रीनं मुठीचं चाक फिरवलं. गाडा चकापासून निघाला, मध्यापर्यंत आला, जड झाला, किंचाळला, आणि अडकला. देवाच्या जागेपासून दोन हात अलीकडं.

"जोर लाव बे," मुनीम मिस्त्रीवर ओरडला.

मिस्त्रीनं मूठ सोडून दिली. कमरेचा पाना काढला आणि आबांच्या हातात ठेवला.

आबांनी गाड्याला रुळावर घट्ट धरणारी कडेची पट्टी ढिली केली. गाडा सरसर शेवटापर्यंत गेला. मग त्यांनी तो ओढत चकापाशी परत आणला आणि हातानं हलवला. पडायला आलेल्या दातासारखा तो डुलत होता. झिजलेल्या जागी डुलू नये म्हणून पट्टी आवळली होती, आणि आवळली म्हणून न झिजलेल्या जागी तो जाणार नव्हता. गाडा त्या टोकाकडं न्यायला कोणी सांगू नये म्हणून तिथं देव बसवला होता. वीतभर तुकडा दोन्ही टोकांना सारखा येणारच होता. चरकाचा कणा वीतभर नसतो.

मी आयुष्यात लई माणसांवर चिडलो, पण त्या मुनीमवर जसा चिडलो तसा कोणावर नाही. त्यानं गुपचूप झाकलं असतं तर एक वेळ समजलं असतं, विकणारा झाकतोच. पण त्यानं हिशेब केला होता. लोहार हत्याराला पूजतो, तो देवाला हात लावणार नाही. शिकलेला पोरगा देवाकडं बघणारच नाही, त्याला खुर्ची दिली की झालं. दोघांनाही त्यानं बरोबर तोललं होतं. मला तर त्यानं चहाच्या एका कपात विकत घेतलं.

मी ओरडलो. उर्दूत, मराठीत, जे येईल त्यात. तालुक्याला जाऊन अर्ज देईन म्हणालो, देवाच्या नावावर लोकांना लुटता म्हणालो.

"ओरडू नका साहेब," मुनीम म्हणाला. त्याचा 'साहेब' आता वेगळा होता. "जुनी मशीन आहे, झीज असणारच. आणि पसंत कोणी केली? तुम्हीच ना? ग्रॅज्युएट."

मी आणखी काही बोलणार तर आबा म्हणाले, "तू गप. मघाशी तूच घ्या म्हणलतास."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

मला वाटलं आता आबा पटका उचलतील आणि आपण निघू. ते मात्र पुन्हा खराद बघायला लागले. लोखंडी पहार मागून घेतली, तिच्यावर फडकं गुंडाळलं, चकाखाली घालून वर रेटली. चक जागचं हललं नाही, म्हणजे त्याची बैठक घट्ट होती. दातेरी चाकांत एकेक करून बोट घातलं. दात शाबूत होते. पाऊण तास ते त्या मशिनीभोवती फिरत होते आणि मुनीम दारात पान थुंकत होता.

"काळीज चांगलं हाय," शेवटी आबा म्हणाले. "पाय गेल्यात. मोडीच्या भावानं देत असाल तर नेतो."

"मोडीच्या? अहो, चालती मशीन आहे."

"दोन हात चालती. फुडं देव हाय."

मिस्त्री खोकला. मला वाटतं तो हसला.

"दुसरं गिऱ्हाईक येईल," मुनीम म्हणाला.

"येऊ द्या की. ह्या अंगाला खराद घेणारा म्हंजी लोहार न्हाईतर सुतार. सगळे माझ्या भावकीचे न्हाईतर वळखीचे. मी सांगन त्यास्नी, देव उचलून बघा म्हणून." हे आबा रागानं बोलले नाहीत. खळ्यावर ज्यांच्या तोंडातून शब्द निघत नव्हता तेच हे आबा. मला आजही वाटतं की माणसांसमोर ते गप्प राहत, लोखंडासमोर नाही.

ऊन उतरेपर्यंत मुनीम कबूल झाला. माणसं लावून खराद खोलली, भाड्याच्या तीन गाड्यांत घातली. मुनीम म्हणाला, "देव राहू द्या इथं."

"देवासकट म्हणलाव," आबा म्हणाले, आणि तांदळा पटक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले.

वाटेत मी गाडीच्या मागं चालत होतो. कोट काढून खांद्यावर टाकला होता. मोमिनाबाद मागं पडल्यावर मी विचारलं, "मला कावून नेलतं मंग?"

"वाचाय नेलतं. वाचलास की."

बऱ्याच वेळानं पुढं म्हणाले, "बसाय न्हाई नेलतं."



गावात खराद उतरली तेव्हा पारावरची सगळी माणसं बघायला आली. मोडीच्या भावानं आणली हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. "लोहारानं मोड आणली, आन् पोराच्या पदवीसंगं मांडून ठिवली," असं एक जण म्हणाला आणि लोक खदखदून हसले. मी त्याच्या अंगावर गेलो असतो. मायनं कोटाला धरून आत ओढलं.

आठेक दिवसांनी दारात तो मिस्त्री उभा राहिला. हातात लाकडी पेटी. जिन बंद झाला होता. मी दार अडवलं.

"तेव्हा बोलायला तोंड नव्हतं का?"

"बोलता तो रोजी जाती थी, बेटा," तो म्हणाला. "पाना तो दिया ना मैंने."

"नुसता पाना दिला."

"तुमने तो वो भी नई दिया."

आबांनी आतून विचारलं, कोण हाय. मग त्याला आत घेतलं, पाणी दिलं, जवळून दिलं. पेटीत एक लांब, वजनदार लोखंडी पट्टी होती, धार लावलेल्या जुन्या कानशी होत्या, आणि एक पुडी. पुडी सोडली तर आत शेंदूर. मला वाटलं हाही आता पूजा मांडतोय. त्यानं शेंदूर तेलात कालवला, पट्टीला पातळ पुसला, आणि पट्टी रुळावर घासली. उचलली तेव्हा रुळावर कुठं कुठं लाल ठिपके उमटले होते.

"जहाँ लाल, वहाँ ऊँचा," तो म्हणाला. "उतना ही छीलना. ज्यादा नई."

ते काम कोणी केलं नसेल त्याला सांगून कळायचं नाही. लाल ठिपका दिसला की धार लावलेल्या कानशीनं तेवढंच लोखंड खरवडायचं, केसाएवढं. पुसायचं. पुन्हा शेंदूर, पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके. सगळा न झिजलेला रूळ खाली आणून झिजलेल्या रुळाशी मिळवायचा, म्हणजे लोखंडाचा डोंगर चमच्यानं उपसणं. आबांचा खांदा चालत नव्हता. मिस्त्रीचे हात कापायचे. खरवडलं मी. हिवाळा संपला, उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. तळहाताची कातडी दोनदा निघाली. प्रत्येक ठिपक्याच्या जागी मला त्या मुनीमची काळी टोपी दिसायची. रागानं जास्त खरवडलं की मिस्त्री मनगट धरायचा आणि आबा म्हणायचे, "त्यो हितं न्हाई. लोखंडाकडं बघ." मग मी लोखंडाकडं बघायचो. नोकरीचे अर्ज तेवढ्यात कुठं पडले होते ते मायला ठाऊक.

हळूहळू ठिपके बदलले. आधी चार मोठे डाग यायचे, मग दहा, मग रूळभर बारीक लाल पुरळ उठल्यासारखं. मिस्त्री म्हणाला, बस.

आमच्याकडं इंजिन नव्हतं. सुतारानं मोठं लाकडी चाक करून दिलं, त्यावरून पट्टा. चाक दोघांनी फिरवायचं, एक मी आणि एक चुलत्याचा मुलगा. तांदळा आबांनी भिंतीतल्या कोनाड्यात बसवला. मशिनीवर नाही. खंडेनवमीला पूजा झाली ती ऐरणीची आणि खरादीची मिळून, आणि पूजा उठवल्यावर आबांनी आधी गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन बघितला.

उसाचा हंगाम लागला आणि पहिली लाट आली ती नेमकी 'खालचं भर' म्हणणाऱ्या मालकाची. त्याच्या चरकाचा कणा झिजला होता आणि परळीला जायला त्याच्याकडं वेळ नव्हता. ऊस तोडून पडला होता. गाडीतून उतरून तो म्हणाला, "लोहारा, जमतंय का बघ. बलुत्यात धरू."

मी चाकाशी उभा होतो. तोंड उघडणार तोच आबा बोलले.

"ह्ये बलुत्यात न्हाई बसत मालक. ह्ये रोख."

"रोख?"

"परळीला देताव तसं."

मालक माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं असणार, पोरानं शिकवलंय. मी शिकवलेलं नव्हतं. मी चाक फिरवायला घेतलं.

कणा अडीच हाताचा होता. मिस्त्रीनं हत्यार लावलं, सालपट सुटायला लागलं, गाडा चकापासून निघाला आणि कुठंही न अडकता, कुठंही न डुलता शेवटापर्यंत गेला. मालक तोवर उभाच होता. आमच्या घरात खुर्ची नव्हती. काम झाल्यावर आबांनी मला बोलावलं, "माप लाव."

मी कंपास लावला. चकाकडचं टोक मोजलं, दुसरं टोक मोजलं, मग न राहवून मधेही मोजलं. परत पहिल्यापासून मोजलं.

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

"सारखं हाय."

आबांनी मग स्वतःचं नख फिरवून बघितलं.

कणा दोन्ही टोकांना सारखा उतरला होता. मालकानं रोख दिले. त्या सुगीला आबा खळ्यावर गेले नाहीत, आणि त्यानंतर आमच्या घरातलं कोणीही बलुत्याला उभं राहिलं नाही.